आठवं इंजिन

आमच्या मंडळात चार सभासद होते आणि चारही पदाधिकारी होते. साधा सभासद एकही नाही. त्यामुळे अध्यक्षांना हुकूम सोडायचा झाला की तो चिटणिसाला सोडावा लागे, आणि चिटणीस तो लिहून काढून सहीसाठी पुन्हा अध्यक्षांसमोरच ठेवी. मंडळाचं नाव 'ठाणे-कल्याण इंजिन निरीक्षक मंडळ', स्थापना एकोणीसशे अठ्ठेचाळीस. काम एकच. दर रविवारी सकाळी कोपरीच्या मिठागराच्या बांधावर बसायचं, रुळांवरून जाणारी इंजिनं पाहायची आणि त्यांचे नंबर वहीत लिहायचे. कशासाठी, असं विचारणारे पुष्कळ भेटले. उत्तर देणारा अजून भेटलेला नाही.

अध्यक्ष गुरुदत्त कर्णिक, कलेक्टर कचेरीत कारकून, वय तिशीचं, चेहरा साठीचा. चिटणीस श्रीपाद ओक, राहणार नौपाडा. तो नगरपालिकेत नकाशे काढायचा आणि त्याचं अक्षर इतकं सुरेख होतं की वहीत नंबर वाचताना प्रत्यक्षातल्यापेक्षा इंजिन जरा बरंच वाटायचं. माहिती-प्रमुख महिपत भोईर, कोपरीचाच, कल्याणच्या इंजिन शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस. आणि उपचिटणीस मी, गोपीनाथ, डोंबिवलीचा. माझं काम, चिटणीस आजारी पडला तर वही सांभाळायची. हे पद मी मागून घेतलेलं, कारण त्यात कधी काही करावं लागणार नाही अशी माझी खात्री होती.

मंडळाला नियम होते. इंजिन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं, ऐकीव नंबर चालणार नाही. एकट्याने पाहून भागणार नाही, दोन सभासदांची साक्ष हवी. एखादं इंजिन मोडीत निघालं तर सभा भरवून दोन मिनिटं उभं राहायचं आणि दुखवट्याचा ठराव करायचा. हे ठराव श्रीपाद लिही. "इंजिन क्रमांक अमुक यांच्या निधनाने मंडळाची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे." एकदा असा ठराव करून, दोन मिनिटं उभे राहून आम्ही खाली बसतो न बसतो तोच तेच इंजिन शिट्टी घालत समोरून गेलं. माहिती चुकलेली. श्रीपादने तिथल्या तिथे दुसरा ठराव लिहिला, की मंडळ आपला दुखवटा मागे घेत आहे. तोही एकमताने संमत. दुखवटा मागे घेता येतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

चौथा नियम माझा.

एका वार्षिक सभेत मला काहीतरी सुचवायला सांगितलं. मी म्हटलं, लोकलला इंजिन नसतं. पुढे डबा, मागे डबा. मुंडकं नसलेलं जनावर आहे ते. तेव्हा लोकल आली की निषेध म्हणून मंडळाने पाठ फिरवावी. मी गंमत केलेली. गुरुदत्तने चष्मा पुसला आणि विचारलं, "निषेध किती वेळ?"

"शेवटचा डबा जाईपर्यंत," मी म्हणालो, कारण एकदा सुरू केलेली गंमत मला मध्येच सोडवत नाही.

चारही हात वर झाले. तेव्हापासून लांबून लोकल दिसली की गुरुदत्त "लोकल!" असं ओरडे आणि चार प्रौढ माणसं रुळांकडे पाठ करून मिठाच्या ढिगांकडे पाहत उभी राहत. महिपतची आई आवडाबाई त्या मिठागरात मीठ ओढायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्यांचा भलताच समज झाला आणि त्या लांबूनच ओरडल्या, "आरं पोरानो, मिठात नको रं!"

आता श्रीपादचं सांगतो. लहानपणी त्याला सांधेतापाचा आजार झालेला, त्यात हृदयाची झडप बिघडलेली. पंचवीस वर्षं तिने कसंबसं निभावलं. चोपन्नच्या दिवाळीपासून त्याला जिना चढणं-उतरणं बंद झालं. तो स्वतःच सांगायचा, "व्हॉल्व गळतोय. प्रेशर धरत नाही. शेडात उभं करून ठेवलंय." मंडळाच्या सभा मग त्याच्या खाटेभोवती भरू लागल्या, नौपाड्यात, पहिल्या मजल्यावर. तिथून रूळ दिसत नसत, नुसता आवाज यायचा. एखादी गाडी गेली की श्रीपाद बोलायचं थांबे, ती जाऊ देई आणि मग वाक्य पुरं करी.

पंचावन्नच्या जानेवारीत महिपतने तिथेच बातमी आणली. विलायतेहून नवी विजेची इंजिनं येतायत, पॅसेंजर गाड्यांसाठी. सात. नंबर लांबलचक होते, पण आम्ही शेवटचे दोनच आकडे बोलायचो. एकसष्ट ते सदुसष्ट. श्रीपादने उशीला टेकून सातही नंबर वहीत ओळीने लिहून घेतले आणि प्रत्येकासमोर तारखेची जागा कोरी ठेवली.

गुरुदत्त वाफेचा माणूस. आमच्या मार्गावर विजेची इंजिनं धावू लागून पंचवीस वर्षं झालेली, तरी तो त्यांना 'ही नवी पद्धत' म्हणायचा. त्याने उलटतपासणी सुरू केली.

"चाकं किती?"

"बारा. सगली सारखी."

"सगळी सारखी? मोठी कुठली, लहान कुठली?"

"तसं नाय. सहा जोर्‍या, येकसारख्या."

"म्हणजे डबाच की तो. बरं, तोंड?"

महिपतने पंजा चेहऱ्यासमोर आडवा धरला. "आसं. सपाट. लांबून लोकलवानी दिसतं."

गुरुदत्त म्हणाला, असल्या वस्तूला इंजिन म्हणून मान्यता द्यावी की नाही याचा मंडळाला विचार करावा लागेल.

"कसला विचार?" श्रीपाद म्हणाला. "तोंड सपाट आहे म्हणून? तुझंही सपाटच आहे. तुला अध्यक्ष मानतोच की आम्ही."

यावर दोन रविवार वाद चालला. तिसऱ्या रविवारी मी जरा लवकर गेलो, तर जिन्यातच श्रीपादची बहीण उत्तरा भेटली. मुलींच्या शाळेत शिकवायची. तिने वरच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, चैत्र पार पडला तर नशीब."

मी म्हटलं, "डॉक्टरांचं वेळापत्रक कधी बरोबर असतं का?"

ती हसली नाही. माझ्या आयुष्यात मी केलेल्या विनोदांपैकी तो सर्वांत वाईट होता, आणि माझ्याजवळ त्या वेळी दुसरा नव्हता.

वर गेलो तर श्रीपाद एकटाच होता. म्हणाला, "जिन्यात काय बोललात ते मला माहीत आहे. ते सोड. गोपी, मला एकच नोंद करायचीय. नवं इंजिन. स्वतः पाहून, स्वतःच्या हाताने. मग वही तुझी."

"वही मला नकोय."

"पद मागून घेतलंस ना? मग घे आता."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात महिपत धापा टाकत आला. येत्या रविवारी पुण्याच्या गाडीला नवं इंजिन लागणार, कोपरीवरून दहा बेचाळीसला जाणार. शेडात पक्कं ऐकलेलं. श्रीपादला बांधावर न्यायचं का, असं उत्तराला विचारलं. तिने जरा वेळ पदराच्या टोकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "डॉक्टरांना विचारलं तर नाही म्हणतील. म्हणून मी विचारत नाही. उन्हाआधी परत आणा."

रविवारी सकाळी आम्ही त्याला आरामखुर्चीसकट जिन्यावरून उतरवला. खाली वखारीतून आणलेली हातगाडी उभी होती. खुर्ची तिच्यावर चढवली, सुंभाने बांधली, श्रीपादलाही बांधला. पुढे महिपत ओढत होता, मागून मी ढकलत होतो आणि बाजूने गुरुदत्त छत्री धरून चालला होता. श्रीपादच्या मांडीवर वही. नौपाड्याच्या रस्त्यावर एका म्हातारबुवांनी ही मिरवणूक पाहून टोपी काढली आणि डोळे मिटून हात जोडले. श्रीपादने खुर्चीतून उलट नमस्कार केला. म्हातारबुवांनी डोळे उघडले ते थेट पळालेच.

"आज एक माणूस देवभक्त झाला," श्रीपाद म्हणाला आणि हसला. मग त्याला धाप लागली, म्हणून आम्ही गाडी थांबवली, आणि ती ओसरेपर्यंत तिघेही एका बंद दुकानाची पाटी वाचत उभे राहिलो.

फाटक ओलांडून बांधावर पोचलो तेव्हा दहाला पाच कमी होते. हातगाडीच्या चाकांना दगड लावले, खुर्चीचं तोंड रुळांकडे. आवडाबाई मीठ ओढायचं लाकडी फावडं घेऊन आल्या. त्यांनी श्रीपादला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कवरा वालला रं तू."

"मीठ काय म्हणतंय यंदा, आवडाबाई?"

"मीठ काय म्हननार? खारट हाय." आणि त्यांनी आपल्या लोट्यातलं पाणी त्याला दिलं.

दहा वाजून सात मिनिटांनी लोकल आली. गुरुदत्त ओरडला, आम्ही वळलो. श्रीपादला वळता येईना, तो बांधलेला.

"अध्यक्ष महाराज," तो म्हणाला, "मी डोळे मिटले तर चालेल का?"

गुरुदत्तने मिठाकडे पाहतच विचार केला. "चालेल. नोंद घेतली."

दहा एकोणीसला दुसरी. पुन्हा तेच, आम्ही पाठ फिरवली आणि श्रीपादने डोळे मिटले. मग मधे काही नव्हतं. ऊन चढायला लागलं. श्रीपादने पेनचं टोपण काढून ठेवलं. एकसष्ट ते सदुसष्ट यांच्यासमोरच्या कोऱ्या जागा त्याने अंगठ्याने पुन्हापुन्हा पुसल्या, जणू तिथे धूळ बसली होती. गुरुदत्त घड्याळात पाहत होता आणि मुंबईच्या बाजूला पाहत होता.

दहा एकतीसला लांबवर काहीतरी दिसलं. सपाट, रुंद, रुळांवर बसवलेल्या पेटीसारखं.

"लोकल!" गुरुदत्त ओरडला.

आम्ही वळलो.

मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जमीन जास्त हादरत होती. माझ्या चपलेतून ते तळव्यांना कळलं. भोंगाही ओळखीचा नव्हता, खालच्या पट्टीतला, जाडसर. मला वाटलं, ही काय लोकल आहे? पण नियम माझा होता. स्वतःचाच नियम मोडला तर लोक हसतील, असं काहीतरी मनात आलं. लोक म्हणजे कोण, तर शेजारी गुरुदत्त आणि महिपत, आणि समोर मीठ. मी वळलो नाही.

मागून वारा आला, छत्री उलटी झाली. डबे जात राहिले. लोकलचे असतात त्यापेक्षा जास्त. पहिला महिपत वळला.

"आरं द्येवा," तो म्हणाला.

मी पाहिलं तेव्हा लांब पल्ल्याच्या गाडीचा शेवटचा डबा कळव्याकडे निघून गेलेला. पुढे काय होतं ते आता कुणाला दिसणार? नंतर कळलं, कुणा बड्या साहेबांची खास गाडी होती ती, पुण्याच्या गाडीच्या पुढे सोडलेली, आणि नवं इंजिन ऐन वेळी तिलाच लावलेलं. दहा बेचाळीसला पुण्याची गाडी आली. तिला आमचं नेहमीचंच जुनं इंजिन होतं, ज्याचा नंबर वहीत आधीच दोनशे वेळा तरी लिहिलेला होता.

तोवर कुणी खुर्चीकडे पाहिलं नाही. गुरुदत्त उलटलेली छत्री सरळ करायला बघत होता आणि त्याच्या हातून ती होत नव्हती.

"पाहिलं मी," श्रीपाद म्हणाला.

आम्ही तिघेही त्याच्याकडे वळलो.

"तुम्ही मिठाकडे बघत होतात ना, तेव्हा. लोकल नव्हती ती. नवं इंजिन होतं." त्याचे ओठ निळसर दिसत होते, पण आवाज अगदी नेहमीचा, सभेतला. "छान आहे रे. तोंड सपाट, पण स्वभावाने गरीब वाटलं."

"नंबर?" गुरुदत्तच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

श्रीपादने एक क्षण वहीकडे पाहिलं. "अडुसष्ट."

इंजिनं सात होती. एकसष्ट ते सदुसष्ट. हे आम्हा चौघांनाही माहीत होतं, आणि ती यादी ज्याने स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहून काढली होती तोच ती मांडीवर घेऊन बसलेला.

मिठागरात कुणीतरी फावडं आपटलं.

"दुसऱ्या सभासदाची साक्ष लागेल," गुरुदत्त म्हणाला.

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. श्रीपादने मान खाली घातली. पण गुरुदत्त चष्मा पुसत होता. पुसून झाला, तरी पुसतच राहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "साक्षीदार सभासद असला पाहिजे, एवढंच नियमात आहे. तो कधीपासून सभासद असावा, याबद्दल नियमात काही नाही. उपचिटणीस, जरा बघा."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी श्रीपादच्या मांडीवरची वही आणि त्याचं पेन उचललं आणि महिपतबरोबर बांध उतरलो. तीसेक पावलांवर आवडाबाई मीठ ओढत होत्या.

"आवडाबाई, मघाशी आम्ही शेवटची पाठ फिरवली तेव्हाची गाडी पाहिलीत का?"

"मंग? डोलं हायत ना मना. तुमी सगले पाठ करून हुबं. त्या मिठात रोज काय दिसतं तुमाना, द्येवाला ठावं."

"इंजिनावर नंबर होता. आकडे."

"व्हतं कायतरी काढलेलं. मना कुटं वाचता येतं?" मग त्यांनी फावडं उलटं केलं आणि दांड्याच्या टोकाने ओल्या चिखलात हळूहळू रेघ ओढली. "आखेरीचं दोन ध्यानात हायत. येक आसं, शेपटीवालं अंडं. नी येक आसा, कान."

मी पाहिलं. महिपतनेही पाहिलं. सहा आणि तीन. इंजिनावर इंग्रजी आकडे असतात, तसेच. वहीत जो नंबर जायला हवा होता तो माझ्या पायांपाशी चिखलात होता, आणि ज्यांनी तो पाहिला त्यांना तो वाचता येत नव्हता.

"आन् त्यो शिरपाद," आवडाबाईंनी आवाज खाली आणला, "त्याना कुटं बगलं? डोलं मिटून बसलेला. आख्खी गारी गेली. शेवटचा डबा गेला तवा उघारलं."

शेवटचा डबा जाईपर्यंत. शब्द माझेच होते.

महिपतने पायाने चिखल सारखा केला. "आये, नंबर अडुसष्ट व्हता."

"मना काय ठावं?"

"व्हता, आये."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग बांधावरच्या हातगाडीकडे, त्या खुर्चीकडे, छत्रीशी झटणाऱ्या गुरुदत्तकडे पाहिलं. "व्हता तं व्हता," त्या म्हणाल्या. "कुटं अंगठा करू?"

मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, की श्रीमती आवडाबाई भोईर यांना आजपासून सभासद करून घेण्यात येत आहे. मंडळाच्या इतिहासातल्या त्या पहिल्या साध्या सभासद. पेनातली शाई अंगठ्याला लावली, पण ठसा काही नीट उठेना. इतक्या वर्षांत मिठाने त्यांच्या अंगठ्याच्या रेषा खाल्लेल्या. उमटला तो नुसता निळा डाग.

श्रीपादने नोंद स्वतः केली. यादीत सदुसष्टच्या खाली जागा होती, तिथे. तारीख, वेळ दहा एकतीस, साक्षीदार आवडाबाई भोईर. त्या वहीत पहिल्यांदाच त्याचं अक्षर वाकडं आलं. गुरुदत्तने खाली सही केली आणि सहीवर फुंकर घातली. परत जाताना कुणी टोपी काढली नाही.

पंधरा दिवसांनी मी एकटाच श्रीपादकडे गेलो. तो छताकडे पाहत पडला होता.

"गोपी, मी डोळे मिटलेले."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"मंडळाच्या सभासदाने."

तो हसला, आवाज न करता. हसायलाही त्याला हल्ली बेत करावा लागे. "उघडले तर तुमची तोंडं दिसली. तीन गाढवं पावसात उभी असावीत तशी. म्हटलं, काहीतरी बोललं पाहिजे."

"पण अडुसष्ट का? सातांतला कुठलाही सांगितला असतास तर कुणी विचारलंही नसतं."

"म्हणूनच. त्या इंजिनाची पहिलीच नोंद खोटी झाली असती. ते बिचारं आता तीस वर्षं धावणार. आठवं मी माझ्यापुरतं लिहिलं. त्याने कुणाची नोंद बाटत नाही."

बाहेर गाडीचा आवाज आला. तो थांबला, ती जाऊ दिली.

मी म्हटलं, "श्रीपाद, तो नियम मी गंमत म्हणून सुचवलेला. लोकलचा. नुसती गंमत होती ती."

"माहीत आहे. तेव्हाच कळलेलं मला."

"मग हात कशाला वर केलास?"

"गंमत चांगली होती," श्रीपाद म्हणाला.

उत्तरा चहा ठेवून गेली. तो गार झाला. निघताना त्याने विचारलं, "आवडाबाईंना कितवं दिसलं रे?"

"त्रेसष्ट."

"त्रेसष्ट," त्याने म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा. "लिहू मात्र नकोस. ऐकीव आहे."

चैत्रात, पाडवा होऊन नऊ दिवसांनी तो गेला. गुरुवार होता. डॉक्टरांचं वेळापत्रक बरोबर निघालं.

पुढच्या रविवारी बांधावर सभा होती. गुरुदत्त, महिपत आणि मी. आवडाबाई फावडं घेऊन आल्या आणि जरा अंतरावर उभ्या राहिल्या, साधा सभासद राहतो तशा. वही माझ्याकडे. दुखवट्याचा ठराव आता मलाच लिहायचा होता, आणि डोंबिवलीहून येताना मी वाटभर तेच करत होतो. "श्रीपाद ओक यांच्या निधनाने" एवढं लिहून होई आणि पेन थांबे. पुढचे सगळे शब्द त्याचेच होते. मंडळाची हानी, कधीही न भरून येणारी, सगळं त्याने इंजिनांसाठी वापरून ठेवलेलं. मी काहीही लिहिलं तरी ते त्यानेच लिहिल्यासारखं वाटे, आणि मग हसू येई, आणि मग हसू राहत नसे. चार कागद फाडले.

गुरुदत्तला मी ते सांगितलं. त्याने रुळांकडे पाहिलं.

"माणसाचा ठराव आपल्या घटनेत बसत नाही," तो म्हणाला. "इंजिनाचा घे."

"कुठल्या?"

"अडुसष्ट."

मी लिहिलं. इंजिन क्रमांक अडुसष्ट यांच्या निधनाने मंडळाची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे. हे वाक्य एका दमात उतरलं. आम्ही दोन मिनिटांसाठी उभे राहिलो. आवडाबाईंनी फावडं आडवं ठेवलं आणि पदर डोक्यावर घेतला.

अर्धं मिनिट झालं असेल नसेल, तोच लोकल आली.

गुरुदत्त ओरडला नाही. महिपतने माझ्याकडे पाहिलं, मी गुरुदत्तकडे पाहिलं, गुरुदत्त समोर पाहत होता. कुणी वळलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही लोकल पाहिली, पुढच्या सपाट डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत. एका खिडकीत एक बाई लहान मुलाला आमच्याकडे बोट करून काहीतरी दाखवत होती. शेवटचा डबा गेला तरी आम्ही तसेच उभे होतो. दोन मिनिटं केव्हा संपली ते घड्याळ हातात असून गुरुदत्तने सांगितलं नाही.

"आज पाठ नाय फिरवली?" आवडाबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

खाली बसल्यावर मी ठरावात आणखी एक वाक्य घातलं. सदर इंजिन पुन्हा दृष्टीस पडल्यास मंडळ आपला दुखवटा तत्काळ मागे घेईल. गुरुदत्तने वाचलं. मला वाटलं, घटनेत बसत नाही म्हणेल. त्याने चष्मा काढला, तो पुसला नाही, तसाच हातात धरून सही केली. महिपतने सही केली. आवडाबाईंनी निळा डाग उठवला. ठराव एकमताने संमत झाला.

त्याच दिवशी दहा बेचाळीसला पुण्याच्या गाडीला लागून त्रेसष्ट गेलं. चौघांनीही पाहिलं. आवडाबाई म्हणाल्या, "ह्येच त्ये. अंडं नी कान." साक्ष पुरी होती, म्हणून मी नोंद केली, माझ्या अक्षरात.

आता अठ्ठावन्न साल उजाडलंय. सातही इंजिनं लिहून झाली, कित्येकदा झाली. गुरुदत्तही त्यांना हल्ली इंजिनच म्हणतो. मंडळ अजून दर रविवारी बसतं. चौथा नियम रद्द झाला, त्याची नोंद मात्र कुठेच नाही. लांबून सपाट तोंडाचं काहीही येताना दिसलं की आम्ही चौघे उभे राहतो आणि शेवटचे दोन आकडे नीट वाचेपर्यंत खाली बसत नाही.

दुखवटा अजून मागे घेतलेला नाही.